बक्षिसी इथेच भरली

प्रिय सनी,

सप्रेम जय भीम. हे पत्र किशोर सुट्टी संपवून जहाजावर परतला की तुझ्या हातात देईल. सोबत तिळाचे लाडू आहेत आणि शेंगदाण्याची चटणी. लाडू सगळ्यांना वाट, चटणी मात्र लपवून ठेव; मागच्या वेळी तुझ्या त्या फिलिपिन्सच्या मित्राने अर्धी बरणी संपवली म्हणे. आपण फोनवर बोलतोच, मग आईला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. अरे, आपण बोलत असतो तेव्हा तुझे पप्पा शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसलेले असतात आणि त्यांचं पान काही उलटत नाही. ते तुला तिकडून दिसत नाही, मला दिसतं. त्या खुर्चीसमोर सगळंच बोलता येत नाही. शिवाय परवा फोनवर तू जे म्हणालास ते मला लागलंय. त्यावर येते, आधी इकडची हकिकत ऐक.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून अंजलीने चार दिवसांच्या क्रूझचं बुकिंग केलं, तेही सिंगापूरहून आणि नेमकं तुझ्याच जहाजावर. तुझ्या बहिणीचा कावा न कळण्याइतके पप्पा भोळे नाहीत. ऐकल्यावर एवढंच म्हणाले, की चार हजार माणसांचं जहाज आहे, कोण कुणाला दिसतंय. पण पासपोर्टच्या फोटोसाठी तीन शर्ट बदलले आणि पोलीस चौकशीला आला तेव्हा त्याला मी चहा करेपर्यंत तुझ्या नोकरीबद्दल सांगत बसले होते. त्याने विचारलंही नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात बुकिंगच्या कागदावर त्यांना 'ग्रॅच्युइटी' हा शब्द दिसला. आधी त्यांना वाटलं, निवृत्तीवर मिळते ती. आपल्याला ग्रॅच्युइटी देणारं जहाज निघालं म्हणून खूशही झाले. मग अंजलीने फोनवर सांगितलं, की ही जहाजावरच्या कामगारांची टीप. माणशी दिवसाला अठरा डॉलर, आधी भरा नाहीतर तिथे खात्यावर लागेल. झालं. चेहरा असा काही झाला, की मी गॅस बंद करून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडला त्या ट्रॅव्हलवाल्याकडे मला घेऊन गेले. धनराज नावाचा मुलगा आहे, बोलायला गोड. त्याने नीट समजावलं, की आता भरलं तर रुपयांत, आजच्या भावाने. जहाजावर भरलं तर डॉलरमध्ये, तेव्हा जो भाव असेल तो, वर कार्डवाल्या बँकेचा आकार. पप्पांनी खिशातून पेपरचं कात्रण काढलं. त्यात डॉलर अठ्ठ्याऐंशीला. धनराजचा भाव एक्क्याण्णव. मग काय विचारतोस! आयुष्यभर लोकांची प्रवासभत्त्याची बिलं तपासलेला माणूस तो. धनराज सांगतोय, "काका, पेपरातला भाव बँकांचा आपसातला असतो, त्या भावाने तुम्हाला-मला कुणी डॉलर देत नाही," आणि हे सांगतायत, "मग पेपरात छापता कशाला?" जसा काही पेपर धनराजच छापतो. सगळा मिळून फरक चारशे बत्तीस रुपयांचा. तेवढ्यासाठी पाऊण तास. शेवटी म्हणाले, "ते कलमच काढून टाका. आम्हाला कुणाला बक्षिसी द्यायची नाही. काम करणाऱ्याला पगार द्यावा, हात पसरायला लावू नये." आणि उठले. मी धनराजला डोळ्यांनीच थांब म्हटलं.

येताना द्वारका चौकात रिक्षा नेहमीसारखी अडकली. मी त्यांच्याकडे बघत होते. भांडण तीन रुपयांचं नव्हतं, सनी. ते तुझ्याशी भांडत होते.

तुझ्या आजोबांचं तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. मोतीराम आजोबा लहानपणी देवळ्याकडच्या आपल्या गावात त्यांच्या आईमागे टोपली घेऊन भाकरी मागायला जायचे. वरून टाकलेली भाकरी झेलायची, हात लागू द्यायचा नाही. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी ती टोपली चुलीत घातली आणि सांगितलं, की या घरातला हात पुन्हा कुणापुढे पसरणार नाही. तुझ्या पप्पांनी ते असं काही धरून ठेवलं, की भाजीवाली फुकटचा कढीपत्ता देते तोही घेत नाहीत. पाच रुपये ठेवतात, ती परत देते, हे परत ठेवतात. मी लांब जाऊन उभी राहते. ऑफिसात दिवाळीचा मिठाईचा पुडा कधी घरी आला नाही. तुम्हा दोघांना त्याचं लहानपणी फार वाईट वाटायचं, मलाही वाटायचं, खोटं कशाला सांगू?

आणि मग तू पहिल्या सफरीवरून आलास. किती आनंदात होतास रे. पप्पांना घड्याळ आणलंस आणि जेवताना कौतुकाने सांगितलंस, की खोल्या आवरल्या की पाहुणे खूश होऊन हातात नोटा ठेवतात, निम्मी कमाई टीपची. तेव्हा ते जे बोलले, "शिकवलं ते यासाठी?", ते मी पुन्हा लिहीत नाही, लिहिलं तेवढंच पुरे. तू ताट सोडून उठलास. तीन वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्या तोंडून बोलता. तू विचारतोस पप्पांचं बीपी कसंय, ते विचारतात तिकडे समुद्र खवळला आहे का. मी निरोप पोचवते. कंटाळले आता मी, मलाही स्वतःचं काही बोलायचं असतं.

तर धनराजकडून आल्यापासून यांना डॉलरचा नाद लागला. सकाळी चहाच्या आधी भाव. मी म्हटलं, भरायचंच नाही तर बघता कशाला? म्हणाले, सहज. एक दिवस डॉलर आणखी वर गेला. मी मुद्दाम खिजवलं, की बघा, त्याच दिवशी भरलं असतं तर वाचले असते. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आपलं जाऊ दे. पोराचे चार पैसे वाढले." मी ऐकलं नाही असं दाखवलं. मोरीत जाऊन रडले थोडी. अरे, हा माणूस इतके दिवस तुझा पगार रुपयांत करून बघत होता!

मागच्या रविवारी दुपारी किशोर आला, पेठहून, तुझ्यासाठी काय न्यायचं ते विचारायला. गुणी मुलगा आहे. पप्पांनी त्याला जेवायला बसवलं आणि हळूच विषय काढला, की तू तर लाँड्रीत, तुला कोण टीप देणार? तो हसला. म्हणाला, "काका, आमाला तर पाहुणे बघत पण नाय. ते कागदावर अठरा डॉलर असतेत ना, त्यातूनच आमच्यापर्यंत येतं. पगारच धरा तो. लोकं कधी काउंटरवर जाऊन काढून टाकतेत, मग महिन्याला सगळ्यांचंच कमी होतं." पप्पांचा घास हातातच राहिला. ज्यांना हात पसरायला लावायचं नाही म्हणून हे भांडून आले, त्यांच्याच ताटातलं काढून आले होते. मला वाईट वाटलं त्यांचं, आणि थोडं बरंही वाटलं.

पण खरी गोष्ट पुढेच. किशोर आपला भात कालवत बोलत होता, त्याला काय कल्पना. म्हणाला, "तुमचा सनी तर हातात घेतच नाय कोनाचं. टेबलावर ठेवा सांगतो पाहुण्यांना. पोरं लय हसतात त्याला. मी इचारलं एकदा, तर म्हनला, आमच्या घरात हात पसरत नाहीत."

सनी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. पप्पा उठले, हात धुतला, गच्चीत गेले. किशोर घाबरून मला विचारतो, काकू, माझं काही चुकलं का? मी त्याला आणखी आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच गंगापूर रोडला गेले. दुपारी पावती घेऊन आले. डॉलर तोवर ब्याण्णवच्या पुढे, धनराजने सांगितला त्या भावाने भरून आले, कात्रण घेऊन गेले नव्हते. मी विचारलं, एवढी घाई काय होती, तिथे गेल्यावर दिले असते. तर म्हणाले, "नको. पैशाचं इथेच मिटू दे, विमल. तिथे त्याने माझ्याकडून काही घ्यायचं नाही आणि मी त्याला काही द्यायचं नाही. मला नुसतं त्याच्याशी बोलायचंय." इतकं बोलले आणि पाणी मागितलं.

आता तुझ्या बोलण्यावर येते. परवा तू म्हणालास, की आमची केबिन तुझ्याच भागात आली आहे, म्हणून त्या चार दिवसांपुरता तू भाग बदलून घेणार. पप्पांनी तुला त्यांची अंथरुणं घालताना, बाथरूम पुसताना बघायला नको, रात्री ड्यूटी संपल्यावर मला एकटीला खाली भेटशील. मी फोनवर 'बघू' म्हटलं, कारण खुर्चीत ते बसले होते. त्यांना हे मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. बाळा, भाग बदलू नकोस. हे पत्र मी तेवढ्यासाठीच लिहिलं. तो माणूस पासष्टाव्या वर्षी तुला भेटायला समुद्रावर येतोय. काय बोलायचं ते मनात ठरवतोय आणि आंघोळ करताना पुटपुटतोय, मी दाराबाहेरून ऐकते. त्या दारावर दुसराच कुणी मुलगा टॉवेल घेऊन आला, तर ते त्याला जय भीम करतील, नाव-गाव विचारतील आणि मग माझ्याकडे बघतील. त्यांचं ते बघणं मला सोसणार नाही. तू ये. गणवेशात ये, तुझ्या कामाच्या वेळेला ये, आणि बेल वाजवलीस की मी उघडणार नाही, त्यांनाच उघडू देणार आहे.

तुझीच,
आई