तरवडाआड

२० सप्टेंबर १९४३
तरवड फुलला! रुळाकडचा सगळा बांध पिवळा झालाय. दोन वर्षांपूर्वी हे पलटणीतून रजेवर आले होते, तेव्हा दोघांनी बिया दगडावर घासून, भिजवून पेरल्या. "पानी मागत न्हाई ह्यो. माश्या येतील, मग भोपळा धरंल," म्हणाले होते. तोवर भोपळ्याच्या वेलाला नुसती फुलंच यायची, फळ नाही! आज मधमाश्या घोंघावतायत, आणि बघायला हे नाहीत. चार महिने पत्र नाही.

२५ सप्टेंबर
वरच्या आळीत तार आली. नाथाजी लढाईत गेला. त्याच्या आईचा टाहो इथवर ऐकू येत होता. आता तारवाल्याच्या सायकलची घंटा वाजली की हातातलं काम तसंच राहतं. सासूबाई म्हणाल्या, "तार दारात घिऊच नये."

३० सप्टेंबर
घट बसले. मी शेतातून यायच्या आत सासूबाईंनी एकटीनंच बसवले! घटाला रोज तरवडाची नवी माळ. नऊ दिवसांत झाडं बोडकी होणार. "निम्मी फुलं माश्यांना राहू द्या," म्हटलं.
"देवीपरास माश्या मोठ्या व्हय गं?"
बोलल्या रागानं, पण ओवलेली माळ सोडून पुन्हा ओवायला बसल्या.

२ ऑक्टोबर
सासूबाई घटासमोरून उठत नाहीत. मला तिथं झाडूही देत नाहीत — "धक्का लागंल. नऊ दिस हलवायचा न्हाई!" विचारलं तर "काय न्हाई." यांचं काही कळलंय का? मला फार भीती वाटते.

५ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी माळेची फुलं तोडत होते. रुळावरून लष्कराची आगगाडी आली. दारं-खिडक्यांतून नुसते शिपाई, सगळे ओरडत होते, हात हलवत होते. यांच्यासारखेच कुणाकुणाचे असतील — तरी फुलं तिथंच टाकली. शिपायांची गाडी दिसली की बायकांनी तोंड दाखवू नये, असं गावात सगळ्याच म्हणतात. तरवडामागे बसले, पदर तोंडावर ओढला. गाडी लांब जाईपर्यंत मान वर केली नाही.

७ ऑक्टोबर
भोपळ्याला चार फळं धरली! आनंद होत नाही.

८ ऑक्टोबर, दसरा
घट उठवले. घटाच्या पाटाखाली तार! घडी तशीच, न फोडलेली.
सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "घट बसायच्या दिशी आली. म्हनलं, माजं लेकरू, कृष्णात, गेलं आसंल तर नऊ दिस तरी देवीपाशी जित्तं राहू दे."
तार घेऊन पळत चिंतामण मास्तरांकडे गेले. त्यांनी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं — "मंगळवारी सकाळी आमची गाडी शेतावरून जाईल. थांबणार नाही. पुढे बोटीनं परदेशी. आईला घेऊन तरवडापाशी उभी राहा. मी दारात असेन."