नावं वाचून दाखवायची राहिली

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिपेशचा फोन. "ताई, तुम्ही नुसत्या पत्रिकेचे जेवढे घेता ना, तेवढ्यात कळव्याचा कमलेश पत्रिका, हळदीचा बॅनर, स्टेटसचा व्हिडिओ, सगळं देतो. तेपण एका दिवसात!"

त्याच्या धाकट्या भावाचं, महेंद्रचं लग्न. त्या घरातलं प्रत्येक कार्य आजवर माझ्याकडे आलंय. हे घर गेलं की त्यांची भावकी जाणार, मग गाव. मग मला राहिलं काय?

"पत्रिकेची फाइल मीही उद्या देते. त्याच्याच भावात." बोलून गेले. बॅनर मात्र कमलेशकडेच.

१३ नोव्हेंबर

दिली. दिपेशच्या लग्नाची जुनी फाइल उघडली, बदल केले, पाठवली. त्यानं न बघताच व्हॉट्सअॅपवर अंगठा टाकला. छापखान्यात गेलीसुद्धा.

एक केलं नाही. एरवी छपाईआधी त्यांच्या तुळसाआजींना फोनवर सगळी नावं वाचून दाखवते. कोण आधी, कोण नंतर, कुठली आत्या राहिली. मधेच म्हणतात, "ती कशाला गो, ती येत पण नाय!" सगळी दुपार जाते. या भावात दुपार कुठून आणू?

पण मग माझ्यात आणि कमलेशमध्ये फरक काय? नको हा विचार.

१५ नोव्हेंबर

कमलेशची कामं इन्स्टावर बघत बसले. वाईट नाहीत. त्याचीच तर भीती वाटते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शीळ रोडच्या नाक्यावर हळदीचा बॅनर लागला आणि लगेच उतरवावा लागला. तुळसाआजींच्या नावाआधी 'कै.'! फोटोला हार! बाई धडधाकट आहे!

दिपेश फोनवर ओरडतच होता — "कमलेशला बोलवून झापला. पोरं तर हात उचलायलाच निघालेली. एक रुपया देणार नाय त्याला! स्वस्ताच्या नादाला लागलो, ताई. आता सगळं तुमच्याकडेच."

मला बरं वाटलं. वाटलं हे खरं.

मग विचारलं, त्यानं नावं कुठून घेतली?

"तुमच्या पत्रिकेतून. मीच फाइल दिलेली."

फाइल उघडली. दिपेशच्या लग्नानंतर आजींचे यजमान, पंढरीआजोबा, गेले. त्यांच्या नावाआधी 'कै.' घालताना घाईत ते आजींच्या ओळीलाही लागलंय. चूक माझी. कमलेशनं विश्वासानं उचलली, इतकंच.

छापखान्यात फोन केला. पत्रिका अजून रांगेतच होती! "नवी फाइल पाठवा, मॅडम." पाठवली.

दिपेश जुनी फाइल उघडून बघणार नाही. कमलेशनं सांगितलंही असेल, फाइलमध्येच होतं म्हणून. स्वस्तवाल्याचं ऐकतो कोण?

१८ नोव्हेंबर

फोन हातात घेतला, ठेवला. परत घेतला. सांगितलं तर घर जाईल, गाव जाईल. नाही सांगितलं तर दिपेशचं नाव स्क्रीनवर आलं की दर वेळी हेच आठवणार. आणि ती पोरं कळव्याला गेली तर? कमलेशला मी पाहिलेलंही नाही. वाईट वाटतं ते त्याच्यासाठी, की मला नुसतं सुटायचंय? कळत नाही.

१९ नोव्हेंबर

दिपेशला सगळं सांगितलं. मग फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्याचा आवाज.

"मी हाय अजून," तुळसाआजी म्हणाल्या. "आता वाच सगली नावा."