पांढऱ्या चेंडूवरचा अंगठा

मी, या शहराच्या हॉकी संघाचे सामान एकतीस वर्षे सांभाळलेला माणूस, वय एकाहत्तर, राहणार स्टेडियमच्या पूर्वेकडच्या भिंतीला लागून असलेले दोन खोल्यांचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लोक मला पेटीमास्तर म्हणतात. माझी छाती खराब झाली आहे, डोके ठीक आहे. तसे पत्र डॉक्टरांनी दिले असून ते सोबत टाचले आहे. हे लिहिण्यासाठी कुणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. दबाव आणणारी एकच व्यक्ती होती, माझी बायको, आणि ती मागच्या वर्षी गेली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम १. माझ्या मृत्यूची बातमी संघाला कळवू नये. संघ एकोणीस वर्षांपासून दुसऱ्या शहरात आहे. नाव तेच ठेवले आहे, रंग बदलला आहे, आणि तिथे मला ओळखणारा एकही माणूस उरलेला नाही. इथे शोकसभा घेण्याची कुणाला हुक्की आली तर तिला माझी सक्त मनाई आहे. का, ते पुढे वाचल्यावर कळेल, आणि मग हुक्कीही राहणार नाही.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे जाड कातड्याच्या सुया, टोचा, मेणाचा दोरा आणि शिवणयंत्र, कोपऱ्यावरच्या बॅगा शिवणाऱ्याला द्यावीत. यंत्राचे पायडल उजवीकडे ओढते. त्याला हजारदा सांगितले आहे, तरी तो विसरेल, म्हणून इथे लिहून ठेवतो. चाळीस वर्षांत या यंत्राने मला एकदाही दगा दिला नाही.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलाला मिळावे. त्याशिवाय त्याला नऊ नंबरच्या पेटीची किल्ली द्यावी. ती माझ्या खाकी शर्टाच्या खिशात आहे. तिच्याविषयी थोडे लिहावे लागेल.

संघ गेला तेव्हा त्याचे सगळे सामान मी अकरा पेट्यांत भरले. स्टिका, जाळ्या, पट्ट्या, औषधे, प्रत्येक पेटीवर यादी चिकटवली. ट्रक मीच भरून दिला, पण त्यात मला जागा नव्हती. तिथे त्यांचा वेगळा माणूस ठरला होता. गोलकीपरचे पॅड नऊ नंबरच्या पेटीत होते आणि तिला मी सर्वांत भक्कम कुलूप लावले होते. एकतीस वर्षे किल्ल्या माझ्या खिशात प्रवास करत आल्या. दहा किल्ल्या मी त्या नव्या माणसाला दिल्या, अकरावी सवयीने खिशात राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. पहिल्याच सामन्यात त्याला गोलमध्ये उभे राहायचे होते, आणि तो विचारत होता, बाबा, नवाची किल्ली कुठे आहे. माझा हात खिशावर गेला. त्यांना कुलूप तोडायला मध्यंतर उजाडले. तोवर माझा मुलगा दुसऱ्याचे सैल पॅड घालून उभा होता आणि सहा गोल खाऊन बसला होता. पुढची तीन वर्षे तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला आणि मग गुडघ्याने साथ सोडली. तो मला कधी वेडेवाकडे बोलला नाही. फोनही फारसा करत नाही.

कलम ४. संघाच्या मालकाच्या मॅनेजरला काहीही देऊ नये. तो जिवंत असला तर त्याला एवढेच सांगावे, की तू माझ्या सामानखोलीत ज्या पेटीवर बसला होतास ती नऊ नंबरचीच होती.

कलम ५. माझे घर. हे मी माझा जुना मित्र, संघाचा टाइमकीपर, ज्याला सगळे घड्याळजी म्हणतात, त्याला देत आहे. तो माझ्याआधी गेला किंवा त्याने नाही म्हटले, तर ते मुलाकडे जावे. वकीलबाईंनी मला समजावले आहे, की ज्याला काही मिळणार आहे त्याने मृत्युपत्रावर साक्षीदाराची सही करायची नसते, केली तर त्याचा हक्क बुडतो. म्हणून एका साक्षीला डॉक्टर आहेत आणि दुसऱ्या साक्षीला बाईंचा कारकून बसेल. घड्याळजीला मी फक्त ऐकायला बोलावले आहे. येईल की नाही, ठाऊक नाही.

घर त्याला का, याचे कारण देण्याची कायद्याने गरज नाही. मी देतो.

संघ विकत घेणाऱ्या मालकाला तो मोठ्या शहरात न्यायचा होता. पण करारात लिहिले होते, की जुन्या क्लबच्या सात जणांच्या कमिटीने बहुमताने होकार दिला तरच संघ हलवता येईल. अध्यक्ष, बांधकामवाला आणि त्याचा मेव्हणा हे तिघे उघड उघड होकाराच्या बाजूचे होते. डॉक्टर, हेडमास्तर, घड्याळजी आणि मी, आम्ही चौघे नकाराचे. म्हणजे संघ राहणार हे ठरल्यात जमा होते. गावभर तसे बोलले जात होते.

मतदानाच्या चार दिवस आधी मॅनेजर सामानखोलीत आला. पेटीवर बसून त्याने माझ्या कामाची तारीफ केली. मग म्हणाला, संघ राहिला तर मालक तो मोडीत काढतील, आणि गेला तर तुमच्या मुलाशी तीन वर्षांचा करार करतील. माझा मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा, संघाचा दुसरा गोलकीपर. मी होय म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही.

आमच्या क्लबात मत चेंडूने द्यायची रीत होती. सामानखोलीत दोन खोकी ठेवायची, एकात पांढरे चेंडू, दुसऱ्यात नारिंगी. एकेकाने आत जायचे, एक चेंडू उचलायचा आणि मधल्या बंद पिशवीत टाकायचा. पांढरा म्हणजे नाही, नारिंगी म्हणजे होय. सरावाचे नारिंगी चेंडू फिके पडले होते, म्हणून त्या सकाळी मी ते नव्याने रंगवले आणि हात पुसून कोरडे केले, डाग तेवढे राहिले. हवा दमट होती आणि अकरा वाजले तरी रंग वाळला नव्हता.

सहावा मी गेलो. नारिंगी चेंडू उचलला. हे मी आज प्रथमच लिहितो आहे. उचलला आणि पिशवीत टाकला. बाहेर आलो तर दाराशी घड्याळजी उभा, सातवा आणि शेवटचा. माझा चेहरा उतरलेला पाहून त्याला वाटले मला निकालाची धास्ती आहे. त्याने माझा उजवा हात आपल्या हातात घट्ट दाबला आणि आत गेला.

पिशवी मी टेबलावर उलटी केली. चार नारिंगी, तीन पांढरे. अध्यक्षांनी मोजून निकाल सांगितला, आणि चेंडू गोळा करताना मला दिसले, की एका पांढऱ्या चेंडूवर नारिंगी अंगठा उमटला आहे. अंगठ्यावर आडवी रेघ. घड्याळाची स्प्रिंग तुटून घड्याळजीच्या अंगठ्याला लागले होते, त्याची खूण. ज्याचा हात माझ्या हाताने रंगला होता त्याने तो हात घेऊन पांढरा चेंडू उचलला होता. मी तो चेंडू खिशात घातला.

तेवढ्यात डॉक्टर उठले. म्हणाले, आपल्या चौघांतला कुणीतरी फिरला आहे, रंग ओला आहे, हात दाखवा. डॉक्टरांचे हात स्वच्छ, हेडमास्तरांचे स्वच्छ. माझे बघण्यात अर्थ नव्हता, चेंडू मीच रंगवले होते. घड्याळजीचा तळवा नारिंगी होता. त्याने शांतपणे सांगितले, मी आत जाताना दाराशी पेटीमास्तरचा हात धरला होता, त्याला विचारा. सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

तीन शब्द. घड्याळजी माझ्याकडे बघत राहिला. त्याने एकदाही आवाज चढवला नाही.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या शटरला कुणीतरी नारिंगी रंग फासला. लोक घड्याळे घेऊन दोन चौक पलीकडे जाऊ लागले. स्टेडियमच्या मुकादमापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांनी पाठ फिरवली. वर्षभरात दुकान बंद पडले, त्याची बायको भावाकडे राहायला गेली ती परत आली नाही. ज्या माणसाने अर्ध्या सेकंदासाठी पंचांशी वाद घातला तो हॉस्पिटलात लिफ्ट चालवू लागला. मी त्याच लिफ्टने बायकोला वरच्या मजल्यावर नेले आहे. त्याने विचारले, कितवा मजला, आणि मी सांगितला. एवढेच बोलणे झाले.

मी बटणांच्या डब्यात लपवलेला चेंडू माझ्या बायकोला आठवड्याभरातच सापडला होता. ती आकांडतांडव करणारी नव्हती. दर महिन्याला, ताट वाढताना नाहीतर कपडे वाळत घालताना विचारायची, "अहो, सांगितलंत का?" हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यातही तिने हेच विचारले. मी उद्या म्हणालो.

मुला, तुझा करार तुझ्या खेळावर झाला असे तू समजत होतास. तुझे मन मोडू नये म्हणून मी गप्प बसलो, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते अर्धेच खरे. उरलेले अर्धे हे, की लोक मला मान देत होते आणि तो मला सोडवत नव्हता. मला तुझी माफी मागायची आहे आणि ती कशी मागतात ते मला माहीत नाही.

कलम ६. तो पांढरा चेंडू बटणांच्या डब्यात आहे. तो घड्याळजीला द्यावा. स्टेडियममध्ये आता फ्रिजचे गोदाम आहे, नाहीतर तिथे ठेवा म्हणालो असतो.

कलम ७. हे कलम घरून निघताना नव्हते. वकीलबाईंच्या कचेरीत बसून लिहीत आहे.

घड्याळजी आला. कारकुनाशेजारच्या खुर्चीवर बसला, टोपी मांडीवर घेऊन. मी वरचे सगळे मोठ्याने वाचले. माझा दम दोनदा तुटला, तेव्हा बाईंनी पाणी दिले. डॉक्टर आता ऐंशीचे आहेत. अंगठ्याचे आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला नाही. वाचून झाल्यावर मी डबा पुढे केला. घड्याळजीने चेंडू हातात घेतला, उजवा अंगठा त्या खुणेवर ठेवून पाहिला आणि चेंडू डॉक्टरांच्या समोर ठेवला.

मी त्याला म्हणालो, "घर तरी घे. माझ्याकडे दुसरं काही नाही."

तो म्हणाला, "तुझ्या घराचं मी काय करू? तिथून रोज स्टेडियमची भिंत दिसते. मुलाला दे, त्याचा काय दोष." मग कारकुनाला म्हणाला, "जरा उठता का? तिथं मला बसायचंय."

बाईंनी त्याला थांबवले. सही केलीत तर घराचा हक्क जाईल, हे दोनदा स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, समजले. कारकून उठला.

मी त्याला विचारले, तुला कधी कळले. तो म्हणाला, "त्याच वेळी. तुझा हात ओला होता." बोलताना माझ्याकडे त्याने बघितले नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, वाचून दाखवून, खालील साक्षीदारांसमोर सही करून पुरे केले.

ठिकाण: वकीलबाईंची कचेरी, गोदामासमोर
दिनांक: १३ मार्च, सकाळी साडेअकरा

लिहून देणार: पेटीमास्तर (सही)

साक्षीदार १: डॉक्टर, जुन्या कमिटीचे सभासद (सही)
एकोणीस वर्षांपूर्वी "हात दाखवा" असे मीच म्हणालो होतो. हे खाली लिहिण्याची परवानगी मी मागून घेतली.

साक्षीदार २: घड्याळजी, संघाचा टाइमकीपर (सही)
लिहून देणाऱ्याने वरील मजकूर माझ्यासमोर वाचला. त्याला सगळे आठवते.