जड माल चहानंतर

प्रिय माकडा,

शिडी दिसली की चढायचं, हे तुझं रांगता येत होतं तेव्हापासूनचं. आता त्याचा पगार मिळतो आणि लोक क्रेनवाला म्हणतात, एवढाच फरक. पत्र बघून दचकला असशील. आपण एकाच गावात राहतो आणि सगळी भांडणं फोनवर उरकतो. पण फोनवर तू विषय बदलतोस आणि मी हसून बदलू देते, म्हणून या वेळी कागद घेतला. सकाळी वाच, म्हणजे दुसऱ्या दिवशी लक्षात राहील.

आधी घरच्या बातम्या. तुझ्या भाचीचे पुढचे दोन दात पडलेत आणि बाईसाहेब आरशासमोरून हलत नाहीत. मांजर व्याली, तीही नेमकी इस्त्रीच्या कपड्यांवर. तुझ्या भावोजींचा खांदा मात्र अजून बरा नाही. शर्ट घालताना तोंड वाकडं करतात, मी बघतेय असं दिसलं की शीळ घालतात. सळयांचा भारा झोका घेत आला आणि चाटून गेला, वारा होता, असं सांगतात. त्या दिवशी माझ्या दोरीवरचे कपडे हलतसुद्धा नव्हते.

परवा तू फोन केलास, कामाच्या वार्षिक तपासणीत दारूच्या प्रश्नांत पास झालो म्हणून. किती खुशीत होतास! शाळेत गुण कमी पडले की मार बसायचा, इथे कमी पडले म्हणून शाबासकी मिळाली, म्हणालास. मीही हसले. तेच प्रश्न मी दवाखान्यात रोज ट्रकवाल्यांना विचारते, हे तू विसरलास बहुतेक. किती वेळा घेता, बसलात की किती होते, मध्येच थांबता येतं का, सकाळी उठल्याउठल्या लागते का, आदल्या दिवशीचं काही आठवत नाही असं होतं का. आम्हाला काही आकाशातून कळत नाही रे. समोरचा सांगेल ते आम्ही लिहितो आणि बेरीज करतो. धडधडीत खोटं बोलून हसतमुखाने बाहेर पडणारी माणसं मी ढिगाने बघितली आहेत. त्यातला एक आपल्या घरातला असेल असं वाटलं नव्हतं. त्या यादीतला अगदी शेवटचा प्रश्न मी वर लिहिलेला नाही, त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचंच आहे, पण त्याकडे नंतर येते.

मागच्या महिन्यात तू भाचीला पोहण्याच्या वर्गातून गाडीवर घरी आणलंस, आमच्याकडे जेवलास, तिच्याशी पत्ते खेळलास. दुसऱ्या दिवशी मला विचारलंस, काल पोरीला आणायला कोण गेलं होतं? मी म्हटलं, तूच की. तू म्हणालास, हो हो, गंमत केली. ती गंमत नव्हती. तेव्हापासून तिला आणायला मी स्वतः जाते, आणि तिला सांगते की मामा दमलाय. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा कळलं, हे मी आधी ऐकलंय. आपले बाबा असेच दमायचे ना? बाबा दमलेत, आवाज करू नका. जिन्यावरून पडले तेही दमूनच. ते गेले तेव्हा आईने येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगितलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आपलं घराणं मोठं समजूतदार, कोणी कोणाला बोलून दुखवत नाही.

तुमच्या कामावरही हीच समजूत चालते, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. जेवताना भावोजींच्या तोंडून निसटलं. सकाळी पत्रे, फळ्या, किरकोळ सामान वर पाठवायचं. जड माल चहानंतर. का, तर तोपर्यंत तुझे हात थरथरायचे थांबतात. हे कोणी ठरवलं नाही, कोणी बोललं नाही. खालून इशारे देणारे तुझे भावोजी, हूक अडकवणारे ते दोघे, सगळ्यांनी मिळून दिवसाचं काम तुझ्या हातांच्या हिशोबाने लावून घेतलं. क्रेनचा पायलट म्हणत तुला डोक्यावर घेतात ना, ते असं. सांगताना ह्यांचा चेहरा फुलला होता, आम्ही सांभाळून घेतो त्याला, म्हणाले. मी ताट सारून उठले. इतक्या प्रेमळ माणसांचा मला इतका राग कधी आला नव्हता.

आणि आता नवा साहेब आलाय. सोमवारपासून मोठे स्लॅब उजाडताच उचलून बसवायचे, खालचा रस्ता गाड्यांना खुला व्हायच्या आत. चहाची वाट बघायची नाही. साहेबाने सांगितलं आणि तुम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. तूही म्हटलंस. स्लॅब खाली येताना त्याला हात लावून जागेवर बसवायला माझ्या घरातलं कोण उभं असतं, हे मी तुला सांगायला नको.

आता तो शेवटचा प्रश्न. कोणी नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर तुमच्या पिण्याबद्दल काळजीने बोलले आहेत का, कमी करा म्हणाले आहेत का? तू नाहीच म्हणाला असणार. तुझ्या सगळ्या उत्तरांत तेवढं एकच खरं होतं, कारण तुला खरंच कोणी बोललं नव्हतं. म्हणून हे पत्र. तू पितोस त्याची मला काळजी वाटते. भीती वाटते. आता तुला त्या प्रश्नाला नाही म्हणता येणार नाही. सोमवारी शिडी चढू नकोस, तपासणीच्या डॉक्टरांकडे परत जा आणि सगळं खरं सांग. मनाने एकदम बंदही करू नकोस, हात थरथरत असताना तसं केलं तर जिवावर बेततं, ते काम डॉक्टरांवर सोड. इथपर्यंत लिहून हे पत्र मी भावोजींना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि सोमवारचा डबा लवकर कर, म्हणाले. वर कोणीही असलं तरी ते खाली उभे राहणार आहेत.

तुझीच, शेवटच्या प्रश्नातली नातेवाईक,
ताई