पॉझिटिव्ह आलंय, रडू नकोस

मनवेलपाडा, विरार

प्रिय आशालतेस, मनापासून आठवण.

घशातला तुकडा तपासायला काढल्यापासून बोलताना दुखतं, म्हणून फोनऐवजी पत्र. काळजी करू नकोस, मऊ भात गिळतोय.

टॉन्सिलची गाठ कॅन्सरची आहे, हे ताईने तुला कळवलंच. काल त्याच तुकड्याची एचपीव्ही विषाणूची तपासणी आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पॉझिटिव्ह आहे," आणि ताईने डोळ्यांना पदर लावला.

बाई म्हणाल्या, "अहो, रडताय काय? या विषाणूमुळे झालेली गाठ उपचारांना चांगली दाद देते."

ताईने विचारलं, "म्हणजे हा चोरून तंबाखू खात नव्हता?"

"नाही हो, हे त्या विषाणूमुळेच झालंय."

महिनाभर ताई माझे खिसे तपासत होती. आज तिने खीर केली! तुझाही संशय होता, ठाऊक आहे मला. राग नाही. पण आता दुसरा संशय घेऊ नकोस. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो खरा, पण कितीतरी जणांना होऊन जातो, एखाद्याच्या अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो. कुठून आला ते शोधत बसू नका, असं बाईंनीच बजावलंय.

आपल्या अश्लेषाला मात्र त्याची लस द्यायची आहे. तेरा वर्षांची झाली तरी सुई म्हटल्यावर पळेल. तू सोबत जा. भाताच्या लावणीला माणसं मिळाली का? तुझी कंबर कशी आहे?

सोमवारपासून सात आठवडे रेडिएशनचा शेक घ्यायचा. थोडे दिवस आवाज बसेल म्हणतात. परत येईन तेव्हा फाटकातूनच तुला हाक मारून बघणार आहे. ऐकू आली नाही तरी ओ दे.

तुझाच,
कृष्णा