धाऊच्या पायाची दुरुस्ती

५ नोव्हेंबर १९२८, सोमवार.
अखेर माझ्या योग्यतेचं काम दारात आलं. पळसदरीच्या वरच्या वाडीतला धाऊ ठाकर. जर्मन लढाईत इराकात बसऱ्याला फौजेचं सामान वाहायला गेला होता. तिथे पेटारा पायावर पडला, लंगडत परत आला. जखमी म्हणून पेन्शन मिळते. भरती खालापूरच्या बाजारात झाली, म्हणून सर्व्हिसच्या कागदावर पेन्शनची कचेरी खालापूर. कर्जत इथून जवळ, तरी दर खेपेला हा मोडक्या पायाने तिथवर चालत जातो. म्हणाला, भाऊसाहेब, येवढं खालापूर पुसा न् कर्जत लिवा, बाकी समदं बराबर हाय.
एक शब्द! अलिबागेस एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला एक शब्द पुसायला सांगतो! कागद बारकाईने पाहिला. सहा चुका काढल्या. उंची संशयास्पद आहे. पण सर्वांत भयंकर चूक पायाची. मी ओटीवर, तो खाली अंगणात, समोरासमोर. वाकडा पाय सरळसरळ माझ्या डाव्या हाताला. कागदात मात्र ‘उजवा’! द्वारका म्हणाली, अहो, त्याला विचारा तरी. बायकांना ऑफिसवर्क कळत नाही.
संकल्प: महिन्यात निकाल. तोवर तपकीर बंद.

७ नोव्हेंबर.
ड्राफ्ट पुरा. अकरा फुलस्केप. इंग्रजी असं उतरलंय की साहेब खुर्चीत ताठ बसून वाचेल. तपकीर एकदाच ओढली, तीही सातव्या पानावर अडलो म्हणून.

९ नोव्हेंबर.
धाऊने अंगठा उठवला. विचारलं, खालापूरचं लिवलंय नव्हं? म्हटलं, आहे, पान नऊवर. त्याने सगळी पानं हातात तोलली आणि म्हणाला, एका शब्दाला लई कागद लागला. अडाणी माणूस, त्याच्या काय तोंडी लागायचं. लखोटा स्वतः स्टेशनाजवळच्या पेटीत टाकून आलो.

१२ डिसेंबर.
उत्तर नाही. महिना उलटला, पण तो माझा दोष नव्हे. रिमाइंडर धाडला. धाऊ मधाची बाटली घेऊन आला होता. नको म्हणणार होतो, पण घसा बसला होता.

२७ डिसेंबर, दुपारी.
दुसरा रिमाइंडर. कडक. धाऊ खालापूरला जाऊन आला. तिथे कळलं की कागद दुरुस्तीला गेलाय, तो परत येईतो पेन्शन थांबली. घरात नाचणी संपत आलीये म्हणाला. त्याला भरपूर धीर दिला. द्वारकेने मात्र मला न विचारता पायलीभर तांदूळ दिले. अशाने केसची शिस्त बिघडते.

८ जानेवारी १९२९.
विजय! उत्तर आलं. कचेरी कर्जत केली आणि पाय ‘डावा’. मात्र पाय बदलल्यामुळे धाऊने ४ फेब्रुवारीस पुण्याला डॉक्टरांच्या बोर्डापुढे हजर व्हावं. हरकत नाही, बोर्डही बघेल.
धाऊला बोलावून वाचून दाखवलं. तो म्हणाला, भाऊसाहेब, माजा तर उजवा मोडलाय. मी हसलो. म्हटलं, ऊठ, पाठ कर. त्याने पाठ केली. पाय माझ्या उजव्या हाताला गेला. पुन्हा वळायला सांगितलं. परत डावीकडे आला. तीनदा फिरवला. तपकीर ओढली. कितीदा ते मोजलं नाही.

९ जानेवारी.
रात्रभर डोळा नाही. द्वारका म्हणते, झालं ते झालं, खरं लिहून टाका. छे! एक मुद्दा मागे घेतला की उरलेले पाच लंगडे पडतात. शिवाय रेकॉर्ड एकदा दुरुस्त झालं ते झालं. आता पायानेच रेकॉर्डला धरून चालायला हवं. एक दिवस, एवढंच. धाऊने पुण्याला डाव्या पायाने लंगडायचं. उपाय इतका सोपा आहे की स्वतःचंच कौतुक वाटलं.

१५ जानेवारी.
तालीम. डावा पाय ओढायचा म्हणजे सगळा भार मोडक्या उजव्यावर. धाऊ चार पावलं चालला आणि तुळशीवृंदावनावर आदळला. म्हटलं, प्रॅक्टिसने येईल. त्याची बायको कोंडी फाटकात उभी होती. आधी हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, पाय मोडला तवा मी रडले, आता ह्ये सोंग बघून काय करू? धाऊला पुन्हा फाटकापासून चालायला लावलं.

३ फेब्रुवारी.
धाऊ गाडीने पुण्याला गेला. मीही जाणार होतो, पण सर्दी आहे. सूचना दिल्या: डावा ओढ, तोंड उघडू नकोस, जी हुजूर म्हण. तो म्हणाला, तुमी सांगता म्हून करतो. मला जरा कसंतरी झालं. सर्दीच असावी.

६ फेब्रुवारी.
काम फत्ते झालंच असेल. पिटिशनांच्या नमुन्यांचं पुस्तक छापायचा विचार आहे. पहिला नमुना धाऊची केस. द्वारकेला सांगितलं. ती नुसती तांदूळ निवडत बसली.

२१ फेब्रुवारी, गुरुवार.
निकाल आला. डावा पाय ठणठणीत. लंगडणं ढोंग. पेन्शन कायमची बंद.
धाऊ आणि कोंडी दोघं आली होती. सगळं वाचून दाखवलं. घाईघाईने म्हटलं, अपील करू, पंधरा पानांचं. कोंडी म्हणाली, बास झालं. आमचा मानूस फौजेत खोटा ठरला. ओटीची पायरी आजवर धाऊ कधी चढला नव्हता, मीही कधी वर ये म्हटलं नव्हतं. आज चढला. माझ्याशेजारी बसला, मी बघतो त्याच दिशेला तोंड करून. पाय पुढे घेतला आणि म्हणाला, हात लावून बघा.
लावला. नडगीचं हाड मधेच दबलेलं, दोन बोटं बसतील एवढा खड्डा. साडेतीन महिने या पायावर लिहितोय, हात आज लागला. उजवा आहे. लाजेने मान वर होईना.
आता सरकारला कळवायचं की ढोंग धाऊचं नव्हे, चूक अर्ज लिहिणाऱ्याची. एकतीस वर्षांत असलं वाक्य मी कधी लिहिलेलं नाही. दोन कागद फाडले. चूक झाली, इथपर्यंत येतो. कोणाची, तिथे टाक थांबतो. म्हणून मधेच ही वही उघडली. द्वारकेने त्या दोघांना इथेच, ओटीवर भाकरी वाढली. धाऊ अजून शेजारी बसलाय. म्हणतो, लिवा भाऊसाहेब, मला घाई नाय.