तज्ज्ञाचा रकाना

बारामती
१८ मे २०२५

ती. मामूंना समिनाचा सलाम. वि. वि.

अम्मीचे गुडघे सोडले तर इकडे सगळे क्षेमकुशल. परवा फोनवर मी अर्धा तास घसा कोरडा केला आणि शेवटी तुम्ही म्हणालात की व्हय, पाऊस न्हायच अजून. तेव्हाच ठरवलं, महत्त्वाचं काही असलं की आपलं पत्रच बरं.

तर महत्त्वाचं हे, की मी शिकवते त्या कॉलेजात यंदापासून एरोस्पेसचा मायनर सुरू करायचा घाट घातला आहे. मुलं पदवी मेकॅनिकलची किंवा इलेक्ट्रिकलचीच घेतील, पण सोबत विमानं आणि रॉकेटं यांचे पाच जादा विषय शिकतील आणि पदवीवर तसा उल्लेख येईल. चव्वेचाळीस मुलामुलींनी नावं दिली आहेत. विद्यापीठाची मान्यता तेवढी बाकी आहे. यंदा हुकली तर ही मुलं पुढच्या वर्गात जातील आणि त्यांच्यापुरतं दार बंद होईल.

अर्जात एक रकाना आहे, उद्योगातील तज्ज्ञ. तिथं मी तुमचं नाव लिहिलं आहे. एकोणचाळीस वर्षं वालचंदनगरला लेथवर रॉकेटची कवचं कातणारा माणूस घरात असताना बाहेर कशाला हुडकू? आठवड्यातून एकदा यायचं आणि मुलांना हात कसा चालतो ते दाखवायचं. ऐकू येत नाही ही सबब चालणार नाही, मुलं फळ्यावर लिहून विचारतील.

मुमानींना सलाम. लोभ आहेच, तो वाढता ठेवावा.

तुमची समिना

सणसर
२६ मे

चि. समिनास सरदारमामूच्या अनेक दुआ. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या मुमानीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, घरातला बल्ब बदलायला सांगितला तर चार दिस लागत्यात, आनि म्हनं रॉकेट शिकवनार. शेजारच्या गेणबाला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडं मायनर म्हंजी कॅनॉलची चारी, तिला काय पानी येत न्हाय, तुज्या भाचीच्या मायनरला तरी येऊ दे. त्याची नात प्रगती तुझ्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिनंही नाव दिलंय म्हणे.

खरं सांगू का, रिटायर होऊन चार वर्षं झाली, या चार वर्षांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यामुळं नाही म्हणायचा प्रश्नच आला नाही. दोनशे पानी वही आणली आणि लिहायला बसलो. पहिलं पान पातळ कवचाचं. लेथच्या चकमध्ये ते आवळून धरलं की पकडीत असेपर्यंत गोल राहतं, पकड सोडली की वाकडं होतं. म्हणून शेवटचा हात मारताना पकड सैल करायची. हे पुस्तकात असतं की नाही ते तू बघ. मला एक जॉब बाद झाल्यावर कळलं.

इंदापूरला कोट शिवायला टाकलाय. हसू नकोस. लोभ आहे तसा राहू दे, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझा सरदारमामू

सणसर
९ जून

चि. समिनास अनेक दुआ. वि. वि.

बकरी ईदला तू आली नाहीस, बिर्याणी तुझ्या वाटची मीच खाल्ली. तुझं काम किती आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून रुसलो नाही.

ईदच्या आदल्या दिवशी विद्यापीठाचा लखोटा आला. आत चार पानी फॉर्म. तुला कशाला आणखी त्रास, म्हणून मीच भरला. शिक्षण विचारलं होतं, तिथं लिहिलं, दहावी आणि आयटीआय टर्नर, १९८१, दुसरा वर्ग. खोटं कशाला लिहू? शोधनिबंध किती असं विचारलं होतं. लिहिलं की निबंध शाळेत लिहिले होते, आणि कारखान्यात केलेल्या जॉबांची माहिती सांगायला मनाई आहे, तशी सही केलेली आहे. अक्षर चांगलं काढलंय. आज सकाळच्या एसटीनं इंदापूरला जाऊन रजिस्टर पोस्टानं धाडला, पावती जपून ठेवली आहे. कोटही आणला, खांद्यात जरा सैल आहे.

वहीची साठ पानं झाली. ती प्रगतीबरोबर पाठवतो. अम्मीला सांग, भाऊ आता मास्तर झाला. लोभ असू दे.

तुझा सरदारमामू

बारामती
९ जून

ती. मामूंना सलाम. वि. वि.

घाईत लिहिते आहे. तुम्हाला विद्यापीठाकडून एखादा फॉर्म येईल. तो कृपा करून भरू नका, तसाच ठेवा. तज्ज्ञाला इंजिनिअरिंगची पदवी हवी असा नियम आहे. अनुभवी माणसाला त्यातून सूट मिळते, पण सूट मागणारा अर्ज फॉर्मच्या आधी पोचावा लागतो. आमचे विभागप्रमुख गावाला गेलेत, ते शुक्रवारी येऊन सही देतील. रविवारी मी स्वतः येते, मग दोघं बसून फॉर्म भरू.

तोवर पेन खिशातच ठेवा. तुमच्या लोभावर माझी सगळी भिस्त आहे.

तुमची समिना

बारामती
३ जुलै

ती. मामूंना सलाम. वि. वि.

त्या रविवारी येणं जमलं नाही, त्याची माफी. नंतर लिहायलाही उशीर झाला. अम्मीला आता जिन्याची सवय झाली आहे. इकडे पाऊस बरा आहे.

मायनरला मान्यता मिळाली. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस मुलांना प्रवेश दिला. वही पोचली, फार सुंदर आहे. तुमचं प्रात्यक्षिक मात्र सध्या जरा पुढं ढकललं आहे, वेळापत्रकाची अडचण आहे. कळवीनच. कोट जपून ठेवा.

लोभ असावा, तो मागायचा मला हक्क आहे असं धरून चालते.

तुमची समिना

सणसर
२१ जुलै

चि. समिनास दुआ. वि. वि.

काल प्रगती अभ्यासक्रमाची छापील पुस्तिका घेऊन आली. इंग्रजी मला जेमतेम येतं, म्हणून अंगणात बसून तिनं एकेक ओळ मराठीत सांगितली. चौथा भाग पातळ कवचांचा. ती वाचत होती, मध्येच मी तिला थांबवलं आणि पुढचं वाक्य मीच सांगितलं. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. म्हणाली, आबा, तुमाला कसं ठावं?

पुढं तज्ज्ञाचा रकाना आला. तिथं पुण्याच्या कुणा डॉक्टरसाहेबांचं नाव आहे.

समिना, मला राग आला. रात्री जेवलो नाही. नाव गेल्याचा राग कमी आहे, वेळापत्रकाची अडचण लिहिलीस त्याचा जास्त. एक ओळ खरी लिहिली असतीस तर पुरे होतं. माझ्या फॉर्मनं घोळ झाला का? तुझं ९ जूनचं पत्र मला ११ तारखेला मिळालं, तेव्हापासून ही शंका पोटात आहे. विचारायचा धीर झाला नाही.

एवढं कळव. लोभाचं पुढं बघू.

सरदारमामू

बारामती
२७ जुलै

ती. मामूंना सलाम. वि. वि.

हो, फॉर्ममुळंच झालं. पण चूक तुमची नाही. तुम्ही खरं लिहिलंत आणि वेळेत पाठवलंत, एवढंच. सूट मागणारा अर्ज मी आधीच करायला हवा होता.

विद्यापीठाच्या बैठकीत तुमचा फॉर्म मोठ्यानं वाचला गेला. निबंध शाळेत लिहिले या ओळीला सगळे हसले. मी खाली मान घालून बसले. मग सांगण्यात आलं, आठ दिवसांत पदवीवाला माणूस द्या, नाहीतर प्रस्ताव यंदापुरता संपला. मी तीन ठिकाणी अर्ज केले, विभागप्रमुखांच्या पाया पडायचीच बाकी राहिले होते. सगळे म्हणायचे, म्याडम, मान्य हाय तुमचं, पन नियम हाय. सातव्या दिवशी चव्वेचाळीस मुलांची यादी समोर घेतली आणि दुसऱ्या नावावर सही केली.

वही मी इंग्रजीत केली, कारण तिच्याइतकं चांगलं माझ्याकडं काहीच नव्हतं. अभ्यासक्रम कुणी तयार केला या ओळीत तुमचं नाव टाकलं होतं. तेही परत आलं, मान्य तज्ज्ञांच्या यादीबाहेरचं नाव चालत नाही म्हणून. डॉक्टरसाहेब माणूस सज्जन आहेत. त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

तुम्हाला लिहायला बसले की हात चालेना. म्हणून वेळापत्रक लिहिलं. मला लाज वाटते, मामू. लोभ मागायची आज हिंमत नाही.

समिना

सणसर
३० ऑगस्ट

चि. समिनास अनेक दुआ. वि. वि.

प्रगतीबरोबर एक डबा पाठवतो आहे, जपून उघड. आत वीतभर लांबीचं स्टीलचं कवच आहे. इंदापूर रस्त्याला शिवमचं वर्कशॉप आहे, ट्रॅक्टरची कामं करतो. दर शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की त्याच्या लेथपाशी उभा राहायचो. लेथ जुनं, माझ्यासारखंच खडखडतं. पहिली दोन कवचं वाकडी झाली. मुमानी म्हणाली, आता पुरं करा की, कुनाला दावायचं हाय? पण हे तिसरं बरं उतरलंय.

तुझ्या मुलांना हातात धरून मोजायला काहीतरी लागेल, नुसत्या चित्रावरून कवच कळत नाही. कोट गेणबाच्या पुतण्याच्या साखरपुड्यात घातला, सगळ्यांनी नावाजला.

राग गेला. लोभ पहिल्यासारखा समज.

तुझा सरदारमामू

बारामती
२० सप्टेंबर

ती. मामूंना सलाम. वि. वि.

काल पहिलं प्रात्यक्षिक झालं. विद्यापीठाची दोन माणसं बघायला आली होती, डॉक्टरसाहेबही पुण्याहून आले होते. तुमचं कवच टेबलावर ठेवलं. प्रगतीनं भिंतीची जाडी बारा ठिकाणी मोजून फळ्यावर लिहिली. बाराही आकडे जवळपास एकच. मुलं गोळा झाली, जो तो हात फिरवून बघायला लागला.

एकानं विचारलं, हे केलं कुणी? डॉक्टरसाहेबांनी कवच उजेडात धरलं आणि म्हणाले, परदेशी मशीनवर झालेलं दिसतंय, साध्या लेथवर असं होत नाही. प्रगतीनं माझ्याकडं पाहिलं. विद्यापीठाची माणसं समोर बसलेली. यादीबाहेरच्या माणसाचं काम वापरलं म्हणून पहिल्याच वर्षी शेरा आला असता तर, असं मनात आलं. मी गप्प बसले. माझ्याकडं बघून त्या पोरीनंही तोंड मिटलं.

मामू, मी तिला काल तेवढंच शिकवलं. रात्रभर तेच डोळ्यांसमोर होतं. तुम्ही काय वाटेल ते बोला, मी ऐकून घेईन.

तुमची समिना

सणसर
२८ सप्टेंबर

चि. समिनास अनेक दुआ. वि. वि.

बाराही ठिकाणी सारखं आलं, हे वाचून पत्र खाली ठेवलं आणि तुझ्या मुमानीला चहा टाकायला सांगितलं. बाकीचं चहा पिऊन वाचलं.

मी काय बोलणार? कारखान्यात आमच्या प्रत्येकाकडं आपापल्या नंबरचा पोलादी ठसा, म्हणजे पंच, असायचा. जॉब पुरा झाला की कडेला नंबर ठोकायचा, म्हणजे चुकलं तर कुणाला धरायचं ते कळतं. माझा नंबर ४१८. रिटायर झालो तेव्हा फोरमननं तो पंच मलाच देऊन टाकला. तुझं कवच पुरं झालं त्या शुक्रवारी तो खिशातून घेऊन गेलो होतो. हातोडी उचलली सुद्धा. मग वाटलं, नंबर दिसला की कुणीतरी विचारणार हा कुणाचा, आणि तुला चारचौघांत उत्तर द्यावं लागणार. म्हणून मारला नाही. तू गप्प बसशील हे मला तेव्हाच ठाऊक होतं, समिना. ती सोय मीच करून ठेवली होती. तेव्हा जिवाला लावून घेऊ नकोस.

प्रगतीला मात्र एकदा घरी पाठव, तिचं तोंड मिटलेलं मला बघवणार नाही. अम्मीला सलाम. लोभ कायम आहे, तो कुठल्या रकान्यात लिहावा लागत नाही.

तुझा सरदारमामू

ता. क. पंच कपाटात वरच्या खणात आहे. रविवारी आलीस तर घेऊन जा. आठाचा आकडा झिजलाय, हातोडी जरा जोरात मारावी लागेल.